गोलाचा भाव

फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो, आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या खेळाभोवती उभा राहिलेला अंदाजांचा बाजार मुख्यतः या दुर्मीळपणावर जगत आला आहे. बावीस खेळाडू नव्वद मिनिटे धावतात, शेकडो पास दिले-घेतले जातात, आणि सामना संपल्यावर फलकावर एका संघापुढे बहुधा शून्य, एक, दोन किंवा तीन एवढाच आकडा उरतो. क्रिकेटमध्ये शेकड्यांनी निघणाऱ्या धावांत एखादी चूक जशी जिरून जाते तशी ती येथे जिरत नाही, आणि खांबाला लागून आत गेलेला एक चेंडू दुबळ्या संघालाही जिंकून देतो. जाणकाराचा आडाखा चुकावा आणि गिरणीकामगाराचा बरोबर यावा, एवढी जागा या खेळात कायम असते. त्या जागेची किंमत ठरवण्याच्या पद्धती प्रथम इंग्लंडच्या औद्योगिक उत्तर भागात घडल्या. आज ज्याला अंदाज-बाजार म्हणतात, म्हणजे एखादी घटना घडल्यास ठरावीक रक्कम देणाऱ्या आणि न घडल्यास शून्य ठरणाऱ्या करारांची खरेदी-विक्री जेथे होते तो बाजार, त्याची बरीच अंगे ब्रिटनमध्ये आधीच तयार झाली होती. या इतिहासात एक धागा सुरुवातीपासून दिसतो: गोलाचा व्यापार स्वतःच्या नावाने क्वचितच चालला. कायद्याच्या दारात तो कधी उधारी म्हणून, कधी कौशल्याची स्पर्धा म्हणून, तर कधी गुंतवणूक म्हणून उभा राहिला, आणि प्रत्येक नावाने त्याचे रूपही बदलत गेले.

पहिल्या महायुद्धापूर्वीच बुकी, म्हणजे स्वतः भाव जाहीर करून पैजा स्वीकारणारे धंदेवाईक, सामन्यांच्या निकालांवर आणि नेमक्या गोलसंख्येवर भाव देत असत. नेमक्या गोलसंख्येच्या पैजेत केवढा धोका दडलेला आहे, हे २ एप्रिल १९१५ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उघड झाले. मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० असे हरवले आणि दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनने केले. परंतु या नेमक्या निकालाला एकास सात असा भाव होता आणि सामन्याआधी त्याच आकड्यावर संशय यावा इतका पैसा लागला होता. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा एक फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला, तेव्हा त्याचेच काही सहकारी त्याच्यावर चिडले. चौकशीअंती दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांतला सँडी टर्नबुल १९१७ मध्ये युद्धात मारला गेला, तर इनॉक वेस्टवरची बंदी १९४५ मध्ये, तो साठीच्या उंबरठ्यावर आला तेव्हा उठली. गोल करणे कोणाच्याही पूर्णपणे हातात नसते, गोल न करणे मात्र असते. या बाजाराचे हे मूळ दुखणे तेव्हापासून आजतागायत तसेच राहिले आहे.

१९२० मध्ये ब्रिटिश संसदेने 'रेडी मनी फुटबॉल बेटिंग ॲक्ट' करून फुटबॉलवरच्या रोखीच्या पैजा बंद केल्या. कायद्याचा रोख रोखीवर होता. उधारीच्या व्यवहाराला त्याने हात लावला नाही, आणि याच फटीतून पुढच्या सत्तर वर्षांचा सर्वांत मोठा व्यवसाय उभा राहिला. मँचेस्टरमधील तारखात्याच्या कामातले तीन तरुण, जॉन मूर्स, कॉलिन ॲस्कम आणि बिल ह्यूज, यांनी १९२३ मध्ये प्रत्येकी ५० पौंड घालून 'लिटलवुड्स' ही फुटबॉल पूल चालवणारी संस्था काढली. हे नाव ॲस्कमच्या जन्माच्या वेळच्या आडनावावरून घेतले होते. फुटबॉल पूलची कल्पना मूळ बर्मिंगहॅमच्या जॉन जर्व्हिस बर्नार्ड यांची. मूर्स व त्यांच्या साथीदारांनी ओल्ड ट्रॅफर्डबाहेर निकालांचे अंदाज भरण्याची ४,००० कूपने वाटली, त्यांतली ३५ परत आली. पुढे हल येथे १०,००० वाटली, तेव्हा एकच परत आले. दोघे साथीदार बाहेर पडले, मूर्स यांनी त्यांचे हिस्से विकत घेतले, आणि एका दशकाच्या आत ते लक्षाधीश झाले.

पूल म्हणजे सर्वांची एकत्र जमा झालेली रक्कम. बुकी स्वतः भाव देतो आणि त्याचा अंदाज चुकला तर स्वतः बुडतो. पूलमध्ये मात्र चालक आपला खर्च व हिस्सा आधीच बाजूला काढतो आणि उरलेली रक्कम ज्यांचे अंदाज बरोबर ठरले त्यांच्यात वाटतो. त्यामुळे किती मिळणार हे पैसे लावताना कोणालाच ठाऊक नसते. बरोबर ठरलेले लोक हजारो असतील तर वाट्याला चिल्लर येते, एकच असेल तर घबाड. नुसते बरोबर असणे येथे पुरत नाही. इतरांना जे सुचले नाही ते आपल्याला सुचावे लागते. कूपन शनिवारच्या सामन्यांआधी टपालाने जाई आणि त्याचे पैसे पुढच्या आठवड्यात, म्हणजे उधारीने भरले जात, म्हणून ते रोखीच्या बंदीत बसत नसे. शिवाय निकाल ओळखायला खेळाची जाण लागते, तेव्हा ही लॉटरी नव्हे, असा पूल्सच्या बाजूचा युक्तिवाद होता. पैसे लावणाऱ्यांना या कंपन्या 'गुंतवणूकदार' म्हणत आणि बक्षिसाला 'लाभांश'. हे शब्द केवळ प्रतिष्ठा मिरवण्यासाठी निवडले होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. दर आठवड्याला काही पेन्स बाजूला काढणाऱ्या कुटुंबाला तो खर्च खरोखरच बचतीसारखा वाटत असे, कारण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्याच्या हाती भांडवल येण्याची शक्यता नव्हती.

याच काळात गोलांचाच पुरवठा एकाएकी वाढला. आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू हवेत, हा ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये सैल करून ती संख्या दोनवर आणली गेली, आणि इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामातले १,१९२ गोल पुढच्याच हंगामात १,७०३ वर गेले. सामने दोन्ही हंगामांत ४६२ होते. म्हणजे दर सामन्याची सरासरी सुमारे २.६ वरून ३.७ झाली. गोल जितके अधिक, तितकी दोन्ही संघांची संख्या सारखी राहण्याची शक्यता कमी, हा साधा हिशेब आहे. बरोबरी ही ओळखायला सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत किमती गोष्ट बनली, आणि १९४६ मध्ये लिटलवुड्सने आणलेल्या 'ट्रेबल चान्स' या प्रकाराचा सगळा डोलारा बरोबरीवरच उभा राहिला. यात सामन्यांच्या लांबलचक यादीतून आठ सामने निवडायचे असत आणि निकालानुसार गुण मिळत. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत गोल होऊन सुटलेल्या बरोबरीला ३ आणि गोलशून्य बरोबरीला २ गुण असल्यामुळे २४ ही कमाल बेरीज ठरली.

कूपन भरण्याची खरी कला 'पर्म' या प्रकारात दिसे. बरोबरी होतील असे आठ सामने नेमके हेरणे अवघड, म्हणून भरणारा दहा सामन्यांपुढे फुल्या मारी आणि त्या दहांतून कोणतेही आठ, असे खाली लिही. दहांतून आठ निवडण्याचे ४५ मार्ग होतात. एका मार्गाला, म्हणजे कूपनाच्या एका ओळीला, एक पेनी धरली तर ४५ पेन्स, जुन्या हिशेबात ३ शिलिंग ९ पेन्स. अकरा सामने धरले की मार्ग १६५ होतात आणि खर्च चौपटीच्या आसपास जातो. शाळा लवकर सुटलेले खाणकामगार आणि त्यांच्या बायका स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा निवडींचा हिशेब बिनचूक करीत, आणि दुसऱ्या टोकाला लिव्हरपूलमध्ये हजारो स्त्रिया लांबच लांब दालनांत बसून ती कूपने तपासत. फुटबॉलच्या इतिहासात खेळाडू आणि व्यवस्थापक यांच्याविषयी भरभरून लिहिले जाते. अनेक पिढ्या चाललेल्या या घरगुती गणिताची नोंद त्या मानाने फारच थोडी झाली आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

खेळ चालवणारी फुटबॉल लीग या पैशाकडे प्रथम तिरस्काराने पाहत होती. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने सामन्यांचे वेळापत्रकच गुप्त ठेवले; कोणाचा कोणाशी सामना आहे हे आयत्या वेळी कळू लागल्यावर कूपने छापता येणार नाहीत, असा तिचा होरा होता. कूपने थांबली नाहीत. प्रेक्षक मात्र घटले, क्लब चिडले, आणि थोड्याच दिवसांत लीगला माघार घ्यावी लागली. त्या मार्चमध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले होते, पण यॉर्कशायरच्या लोकांना वेळापत्रकाच्या या भानगडीचा राग अधिक आला होता, असे त्या भागात फिरत असलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी नोंदवले आहे. शेवटी १९५९ मध्ये न्यायालयाने वेळापत्रकावर लीगचा कॉपीराइट मान्य केला आणि पूल्स कंपन्यांना त्याच्या वापराचे पैसे द्यावे लागू लागले. तिरस्कार संपला तो असा, वाटा मिळाल्यावर.

१९६३ च्या हिवाळ्यात या व्यवसायाने जे केले त्याला अंदाजांच्या इतिहासात तोड नाही. बर्फामुळे मैदाने आठवडेच्या आठवडे गोठली, एफए कपची तिसरी फेरी पूर्ण व्हायला ६६ दिवस लागले, आणि सामनेच होत नसल्यामुळे कूपने रद्द होऊ लागली. त्यावर कंपन्यांनी २६ जानेवारी १९६३ रोजी लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये एक मंडळ बसवले. अध्यक्षस्थानी ब्रिटनमधील पहिला वैमानिक-परवाना मिळवणारे लॉर्ड ब्रॅबझन, आणि सदस्य म्हणून टॉम फिनी, टेड ड्रेक, टॉमी लॉटन, जॉर्ज यंग हे माजी खेळाडू व आर्थर एलिस हे माजी पंच होते. न झालेला प्रत्येक सामना झाला असता तर कसा सुटला असता, हे त्यांनी बंद दाराआड ठरवले आणि त्यांचा निर्णय पूल्सपुरता खरा निकाल मानला गेला. अंदाजावर लावलेला पैसा दुसऱ्या अंदाजाच्या आधारे चुकता झाला, आणि लोकांनी ते स्वीकारले. हे मंडळ कायमचे झाले. १९६६ च्या विश्वविजेत्या संघाचे गोलरक्षक गॉर्डन बँक्स यांनीही त्यात दीर्घकाळ काम केले.

याच सुमारास १९१५ चे दुखणे पुन्हा वर आले. १ डिसेंबर १९६२ रोजी तीन सामने ठरवून हरले गेले. त्यांतल्या एकात शेफील्ड वेन्सडेचे पीटर स्वॉन, टोनी के आणि डेव्हिड लेन यांनी इप्सविचकडून आपला संघ हरेल यावर प्रत्येकी ५० पौंड लावले होते. सामना ०-२ असा गेला. १९६४ मध्ये एका रविवारच्या वृत्तपत्राने हे उघडकीस आणले, १९६५ मध्ये तिघे तुरुंगात गेले, आणि स्वॉन व के या इंग्लंडकडून खेळलेल्या खेळाडूंची उमेदीची वर्षे बंदीत गेली. पुढे विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत ब्रिटिश बुकी फुटबॉलवर सहसा किमान तीन सामन्यांची एकत्र पैजच घेत. एक निकाल विकत घेता येतो, तीन जुळवणे अवघड, असा त्यामागचा विचार होता. परंतु १९६२ च्या टोळीने तीनही जुळवलेच होते.

कूपनवाल्यांच्या बरोबरीने संख्याशास्त्रज्ञही गोलांकडे वळले होते. एखादी विरळ घटना ठरावीक काळात किती वेळा घडेल याच्या शक्यता केवळ तिच्या सरासरीवरून काढण्याचे सूत्र फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांनी १८३७ मध्ये मांडले होते, आणि मोरोनी यांनी १९५१ च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात ते गोलांना लावून पाहिले. हवाई दलातील अधिकारी चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर सामन्यातली प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. १९६८ मध्ये बेंजामिन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात या खेळावर योगायोगाचे राज्य चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो फार टोकाचा होता. हंगामाआधी जाणकारांनी केलेली भाकिते आणि अखेरची गुणतालिका यांत स्पष्ट संबंध असतो, हे हिल यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८२ मध्ये माहेर यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक, असे दोन आकडे देऊन त्यांतून सामन्याची अपेक्षित गोलसंख्या काढली. आणि १९९७ मध्ये मार्क डिक्सन व स्टुअर्ट कोल्स यांनी ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या निकालांसाठी सूत्रात दुरुस्ती केली आणि अलीकडच्या सामन्यांना अधिक वजन दिले. त्यांच्या गणिताने बुकींच्या भावांतल्या चुका दाखवून दिल्या. हे काम लँकेस्टर विद्यापीठात झाले, म्हणजे जेथे लिटलवुड्सची पहिली कूपने वाटली गेली त्याच लँकेशायर परगण्यात.

सूत्राचे काम एका उदाहरणात दिसते. सामन्यात सरासरी २.७ गोल होतात असे धरले, तर एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के, एक होण्याची १८, दोन होण्याची २४ ते २५ टक्के येते. बेरीज ४९ टक्के. उरलेले ५१ टक्के तीन वा अधिक गोलांचे. 'अडीच गोलांहून अधिक की कमी' हा प्रश्न जगभरच्या गोल-बाजारात सर्वाधिक चालतो, याचे कारण येथे आहे: काटा जवळजवळ मध्यावर राहतो. अडीच गोल होऊ शकत नाहीत, म्हणूनच हा आकडा सोयीचा. त्यात पैज बरोबरीत सुटायला जागा उरत नाही. आता 'तीन वा अधिक गोल' या घटनेला एक पौंड देणारा करार कल्पावा. सामन्याआधी त्याचा रास्त भाव ५१ पेन्स. दहा मिनिटे गोलाविना गेली की तो ४३ वर येतो. त्याच क्षणी गोल झाला तर ६९ वर उडी मारतो. गोल झालाच नाही तर मध्यंतराला १५ वर आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला जेमतेम एका पेनीवर घसरतो. प्रत्यक्षात सामन्याच्या अखेरीकडे गोलांचा वेग थोडा वाढतो, त्यामुळे खरे भाव याहून किंचित वर राहतात. पण काहीही न घडता किंमत झिजत जाणे, हा गोलाच्या बाजाराचा स्वभाव या आकड्यांत पुरता दिसतो.

१९९२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या स्पोर्टिंग इंडेक्सने गोलाला शेअरबाजाराची भाषा दिली. 'स्प्रेड' म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दोन भावांमधले अंतर. कंपनी एकूण गोलांसाठी २.६ ते २.८ असा भाव सांगे, आणि गोल भरपूर होतील असे ज्याला वाटे तो २.८ ला दर गोलामागे १० पौंड लावून खरेदी करी. पाच गोल झाले तर २२ पौंड मिळत, एकही झाला नाही तर २८ जात. जितके अधिक बरोबर तितका अधिक नफा, आणि तोटाही त्याच मापाने. पहिला गोल कितव्या मिनिटाला होईल, गोल करणाऱ्यांच्या जर्सीवरच्या आकड्यांची बेरीज किती येईल, यांवरही भाव निघाले. १९९३-९४ पासून प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंना हंगामभर कायमचे क्रमांक मिळाल्यामुळे नवव्या आणि एकतिसाव्या क्रमांकाच्या गोलांत बाजाराच्या दृष्टीने मोठाच फरक पडला. १८४५ च्या कायद्यानुसार पैजेचे पैसे न्यायालयात वसूल करता येत नसत. स्प्रेडचे सौदे मात्र १९८६ च्या वित्तीय सेवा कायद्याखाली आल्यामुळे वसूल करता येत. पूल्सवाल्यांनी कौतुकाने वापरलेला 'गुंतवणूक' हा शब्द आता कायद्याने खरा केला.

पूल्सचे आयुष्य नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीने आखूड केले. खरा पालट २००० च्या जूनमध्ये झाला, जेव्हा अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी बेटफेअर सुरू करून बुकीलाच मधून काढून टाकले. येथे एक गिऱ्हाईक घटना घडेल यावर पैसे लावते, दुसरे गिऱ्हाईक ती पैज स्वीकारते, आणि संस्था केवळ जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. मुंबईच्या सट्टाबाजारात या दोन कृतींना 'लगाई' आणि 'खाई' म्हणतात. खाणारा आजवर नेहमी धंदेवाईक असे, आता कोणीही खाऊ शकत होता. भाव कोणी एकाने सांगायचा राहिला नाही, तो मागणी आणि पुरवठ्याच्या यादीतून फुटू लागला, आणि सामना चालू असताना सेकंदागणिक बदलू लागला. जाणकाराची माहिती, गणितज्ञाचे सूत्र आणि चाहत्याची भाबडी आशा, तिन्ही त्याच आकड्यात मिसळली जाऊ लागली.

अमेरिकेत हीच रचना वेगळ्या वाटेने आली. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरील छोट्या करारांचा बाजार अभ्यासासाठी उघडला. पुढे काल्शी या कंपनीला वायदेबाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य आयोगाची मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये तिने खेळांच्या निकालांवरचे करार आणले. नेवाडा आणि न्यू जर्सी या राज्यांनी ही पैजच आहे आणि तिला राज्याचा परवाना हवा असा आक्षेप घेतला. हा वित्तीय करार आहे, असे कंपनीचे उत्तर. शंभर वर्षांपूर्वी उधारी आणि रोख यांच्यात जो वाद होता, तोच येथे नव्या शब्दांत चालू झाला.

कोणत्याही कराराला अखेर एक प्रश्न सोडवावा लागतो: घटना घडली हे कोणी सांगायचे? पहिला गोल कोण करील या बाजारात स्वतःच्याच जाळ्यात गेलेला चेंडू सहसा धरला जात नाही, आणि बचावपटूच्या पायाला लागून वळलेला फटका कोणाच्या नावावर जावा, याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. २०१९-२० च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये व्हिडिओ साहाय्यक पंच आल्यावर खुद्द गोलच तत्काळ निश्चित होईनासा झाला. चेंडू जाळ्यात जाताच सौदे थांबतात, मग कोणाचा खांदा रेषेपुढे होता याची मापे पडद्यावर घेतली जातात. तेवढा वेळ खेळाडू कमरेवर हात ठेवून मध्यरेषेजवळ उभे असतात, प्रेक्षक पंचाच्या कानाजवळ गेलेल्या हाताकडे पाहत असतात, आणि गोलाला भाव नसतो.